यंत्राला कुठवर येऊ द्यायचं? मॉर्मनांचा दाखला



२०२० सालच्या मार्चमध्ये, आपल्याकडे टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून एक हुकूम निघाला : जगभरातली सगळी मॉर्मन टेंपलं बंद. रविवारच्या प्रार्थनासभा त्याआधीच थांबल्या होत्या. त्यांचं एप्रिलचं अधिवेशन एरवी एकवीस हजार खुर्च्यांच्या सभागृहात भरतं. ते त्या वर्षी एका लहानशा खोलीतून, समोर श्रोते नसताना, जगभर दाखवलं गेलं. बैठका, वर्ग, तरुण प्रचारकांच्या शिकवण्या, सगळं बघता बघता व्हिडिओ कॉलवर गेलं. एक विधी मात्र ऑनलाइन गेला नाही. मेलेल्यांचा बाप्तिस्मा. तो सरळ थांबला, आणि टेंपलं टप्प्याटप्प्यानं उघडेपर्यंत थांबूनच राहिला.

यंत्राचं वावडं असलेल्या एखाद्या पंथानं असं केलं असतं तर त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण यंत्र हौसेनं घरात घेण्याच्या बाबतीत मॉर्मनांचा हात धरणारे धर्मपंथ थोडेच. म्हणूनच मला ही अडवणूक महत्त्वाची वाटते.

ओळख थोडक्यात करून देतो. जोसेफ स्मिथ या न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याच्या मुलानं १८३० साली ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापून पंथ काढला. १८४४ साली इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावानं त्याला गोळ्या घातल्या. ब्रिगम यंग उरलेल्यांना घेऊन पश्चिमेला निघाला आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. बहुपत्नीत्वावरून अमेरिकी सरकारशी त्यांचा उभा दावा चालला, आणि १८९० साली त्यांनी ते सोडत असल्याचं जाहीर केलं. आज चर्चच्या हिशेबानं सभासद पावणेदोन कोटींच्या आसपास आहेत. ‘मॉर्मन’ म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या, असा त्यांच्या पुढाऱ्यांचा २०१८ पासून आग्रह आहे. ते नाव लांबलचक आहे, तेव्हा आजच्यापुरती माफी मागून मी मॉर्मनच म्हणणार.

रेल्वे आली तेव्हा पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना वाटलं, आता या लोकांचं आटोपलं. बाहेरचं जग डब्यात बसून थेट दारात येणार म्हटल्यावर असा कोपऱ्यातला पंथ टिकतो कसला! ब्रिगम यंगनं काय केलं, तर रुळांखालचा भराव घालण्याचं कंत्राटच घेतलं. १८६९ साली युटात दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले, तेव्हा त्या भरावाची माती मॉर्मन मजुरांनी टाकलेली होती. तारायंत्राचंही तेच झालं. त्यांनी वसाहतींना जोडणारी स्वतःची तार कंपनी काढली. १९२२ साली त्यांचा अध्यक्ष रेडिओवरून बोलला. इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणी तर त्यांच्यातल्याच एका पोरानं चालवून दाखवली. फायलो फार्न्सवर्थ, आयडाहोत बटाट्याच्या शेतात काम करणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. शेतात एकाखाली एक पडत जाणाऱ्या रेघा बघून त्याच्या डोक्यात आलं की चित्रही असंच रेघारेघांनी पाठवता येईल. १९२७ साली त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत पडद्यावर पहिली आकृती उमटवली. तीही एक साधी रेघ.

पण या पंथाचा यंत्राशी खरा संसार जमला तो वंशावळीच्या कामात. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

त्यांची श्रद्धा अशी की कुटुंब मरणानं तुटत नाही. टेंपलमध्ये जोडलेलं नातं परलोकातही टिकतं. आता प्रश्न उरतो पूर्वजांचा. १८३० च्या आधी मेलेल्या खापरपणजोबानं काय करायचं? त्यावर स्मिथनं १८४० साली तोड काढली. जिवंत वंशजानं मृताच्या वतीनं, म्हणजे जणू मुखत्यारपत्र घेऊन, बाप्तिस्मा घ्यायचा. मृतात्म्याला तो स्वीकारायची किंवा नाकारायची मोकळीक असते, असं ते आवर्जून सांगतात. पण त्यासाठी पूर्वजाचं नाव हवं, जन्माचं साल हवं, गाव हवं. म्हणून १८९४ साली वंशावळ संस्था निघाली, १९३८ पासून मायक्रोफिल्म आली, आणि त्यांची माणसं कॅमेरे घेऊन जगभरच्या चर्चांत, कचेऱ्यांत, दफ्तरखान्यांत नोंदी टिपत हिंडू लागली.

एवढी फिल्म ठेवायची कुठे? सॉल्ट लेकजवळच्या एका दरीत त्यांनी साठच्या दशकात ग्रॅनाइटचा डोंगर पोखरला. आत बोगदे, तोंडाशी चौदा टनांचं दार. अणुयुद्धाच्या भीतीचा तो काळ होता. तिथे सुमारे चोवीस लाख रिळं साठली, आणि २०२१ साली ती सगळी संगणकावर उतरवून झाली. फॅमिली-सर्च नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर कुणीही, कुठल्याही धर्माचा माणूस, फुकट शोध घेऊ शकतो. हल्ली तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता जुनी हस्ताक्षरं वाचते. जमिनीच्या खरेदीखतात साक्षीदार म्हणून आलेलं नावही ती हुडकून काढते. पूर्वी एखादा स्वयंसेवक डोळे फोडून महिनाभर जे करायचा, ते आता चहा निवेपर्यंत होतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर ते नाव जातं कुठे? टेंपलच्या खालच्या मजल्यावर. तिथे एक मोठं गोल पाण्याचं कुंड असतं, बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर पेललेलं. पांढऱ्या कपड्यातली बारा-चौदा वर्षांची मुलं ओळीनं बसलेली असतात. बरीच वर्षं नावांची कार्डं छापलेली असत, निळं पुरुषाचं, गुलाबी बाईचं. पुरुषासाठी मुलगा, बाईसाठी मुलगी. नाव वाचलं जातं, मूल पूर्ण पाण्याखाली जातं, वर येतं. पुढचं नाव. पुन्हा पाण्याखाली. एका मिनिटात लाखो ओळी चाळणारं यंत्र त्या कुंडाच्या काठापाशी थांबतं. तिथून पुढे एका नावाला एक डुबकी, आणि ती जिवंत माणसाचीच. करोनात जे बंद पडलं ते हे. बटण दाबून एकदम लाखभर नावांचा बाप्तिस्मा उरकता येईल, असं त्यांच्यात कुणी म्हणालं नाही.

मला हा विवेक आवडतो. त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मात्र मी तुमची फसवणूक करीन. नावं मिळवणं सोपं झालं तशी भलतीच नावं कुंडापर्यंत पोचू लागली. नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंचे बाप्तिस्मे झाल्याचं नव्वदच्या दशकात उघड झालं. ज्यू म्हणून मारलेल्या माणसाला मेल्यावर ख्रिस्ती करायचं! संताप उसळला. १९९५ साली चर्चनं ज्यू संघटनांशी करार केला, सुमारे तीन लाख ऐंशी हजार नावं काढली, आणि सभासदांना बजावलं की फक्त स्वतःचे पूर्वज. तरी २०१२ साली पुन्हा माफी मागायची वेळ आली, कारण नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सायमन विझेन्थाल यांच्या आईवडिलांची नावं निघाली. महात्मा गांधींच्या नावानंही बाप्तिस्मा झाल्याची बातमी त्याच वर्षी आपल्या वर्तमानपत्रांत होती. मृतात्म्याला नकाराची मोकळीक आहे, हे उत्तर त्यांच्या लेखी प्रामाणिक असेल. मागे राहिलेल्या नातवंडांना ते पुरत नाही, पुरायचं कारणही नाही.

दुसरा फटका त्यांच्याच घरात बसला. जगाची दफ्तरं उघडणाऱ्या या चर्चनं स्वतःची दफ्तरं बरीच झाकून ठेवली होती. इंटरनेट आल्यावर ते झाकण राहिना. मॉर्मन घरातली विशीतली मुलगी फोनवर शोधायची आणि तिला कळायचं की आपल्या संस्थापकाला तीस-चाळीस बायका होत्या. रविवारच्या वर्गात हे कुणी सांगितलेलं नसायचं. लोक चर्च सोडू लागले. शेवटी २०१३ नंतर चर्चनं स्वतःच खुलासेवजा लेख काढले, आणि २०१४ सालच्या लेखात त्या बायकांचा आकडा कबूल केला. सर्वांत लहान बायको पंधरालाही थोडी कमी होती, हेही त्यात आहे. पैशाचंही तसंच. सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात. त्या गंगाजळीतले अब्जावधी डॉलरांचे शेअर कागदी कंपन्यांच्या नावांखाली लपवले म्हणून २०२३ साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था यांना मिळून पन्नास लाख डॉलर दंड केला. त्या खजिन्याच्या मानानं दंड चिल्लर होता, शोभा मात्र व्हायची ती झाली.

आता अगदी अलीकडचं. २०२५ चा सप्टेंबर युटासाठी वाईट गेला. दहा तारखेला ओरेम गावच्या विद्यापीठात चार्ली कर्क या राजकीय वक्त्याचा भर सभेत खून झाला. काही मिनिटांत ते चित्रण जगभरच्या शाळकरी पोरांच्या फोनवर होतं. राज्यपाल स्पेन्सर कॉक्स हे स्वतः मॉर्मन. त्यांनी समाजमाध्यमांना कर्करोग म्हटलं आणि लोकांना फोन बाजूला ठेवून घरच्या माणसांत जायला सांगितलं. हा सूर मॉर्मनांना नवा नव्हता. त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन, पेशानं हृदयशल्यविशारद, यांनी २०१८ साली तरुणांना समाजमाध्यमांचा सात दिवस उपास करायला लावला होता. त्याच नेल्सननी २०२० साली उलट सांगितलं : सात दिवस याच माध्यमांवर कृतज्ञता लिहा. उपास आणि पारणं दोन्ही त्यांच्याच हातचं.

नेल्सन त्याच सप्टेंबरच्या सत्तावीस तारखेला एकशेएकाव्या वर्षी वारले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिशिगनमधल्या ग्रँड ब्लँकच्या मॉर्मन प्रार्थनागृहात एकानं गाडी घुसवली, गोळ्या झाडल्या, इमारत पेटवली. चार जण गेले, हल्लेखोर पोलिसांच्या गोळीनं मेला. मग युटातल्या एका मॉर्मन गृहस्थानं ऑनलाइन वर्गणी काढली, ती हल्लेखोराच्या विधवेसाठी आणि मुलासाठी. काही दिवसांत तीन लाख डॉलरांहून अधिक जमले, आणि देणाऱ्यांत मॉर्मन भरपूर होते. त्या महिन्यात याच पडद्यांवरून काय काय वाहत होतं ते आठवा, म्हणजे या वर्गणीचं मोल कळेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चर्चनं २०२४ च्या मार्चमध्ये आपली तत्त्वं जाहीर केली. पारदर्शकता, खासगीपणाची जपणूक वगैरे नेहमीची कलमं आहेतच, त्यावर वेळ घालवत नाही. गाभ्याची गोष्ट एवढीच की हे साधन माणूस आणि देव यांच्यातल्या संबंधाला हातभार लावील, त्याची जागा घेणार नाही. कागदावर हे कुणीही लिहील. यांच्याकडे निदान पाण्याचं कुंड आहे, तिथे यंत्र थांबवून दाखवलेलं आहे.

आणि आपण? त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला गेलात की क्षेत्रोपाध्ये आडनाव आणि मूळ गाव विचारतात, लाल कापडातली वही सोडतात, आणि आजोबांची सही समोर ठेवतात. मागची पानं मोडीत. हरिद्वारच्या पंड्यांकडच्या अशाच वह्यांची मायक्रोफिल्म युटाच्या त्या वंशावळ संस्थेनं घेतलेली आहे. म्हणजे आपल्याकडचे हजारो पूर्वज आज त्या ग्रॅनाइटच्या डोंगरात आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. गंमत पुढेच आहे. वही जपायचं काम, जे यंत्राला बेलाशक द्यावं, ते आपण अजून उंदरा-वाळवीच्या भरवशावर ठेवलंय, आणि गयेचं पिंडदान मात्र मोबाइलवर पैसे भरून ऑनलाइन करतो. पिंड दुसराच कुणी ठेवतो, आपण पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून पडद्यावर बघतो. प्रवास झेपत नाही अशा म्हाताऱ्या माणसाची ती सोय आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. धडधाकट माणसाला मात्र विचारीन.

पहिल्या रांगेतून मघाशी एक चिठ्ठी आली आहे. हरिद्वारच्या त्या वह्यांमधल्या नावांचेही बाप्तिस्मे होतात का, असा प्रश्न आहे. चर्चचा नियम सांगतो की सभासदानं स्वतःच्याच पूर्वजांची नावं द्यावीत. नियम किती पाळला जातो हे ज्यूंच्या प्रकरणात आपण पाहिलं. बाकीचे प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवा, अजून वीस मिनिटं आहेत.