चाँद मिनार नकाशावर उभा करताना

दौलताबादचा चाँद मिनार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 1445 मध्ये बांधलेला, चांगलाच उंच. साध्या नकाशात मात्र तो एक बारीक ठिपका. त्याच्यापेक्षा एखादं गोदाम मोठं दिसतं.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा 2004 पासून स्वयंसेवक बनवत आलेत. त्यात इमारतीची बाह्यरेषा काढून उंची किंवा मजले लिहिले, की थ्रीडीत ती ठोकळ्यासारखी उभी राहते. पण बीबी का मकबरा एका ठोकळ्यात कसा बसणार? तिथे भाग पाडायचे: चौथरा, मधली वास्तू, चार मिनार, घुमट. प्रत्येक भाग जमिनीपासून किती मीटरवर सुरू होतो आणि कुठे संपतो, ते लिहायचं. छताचा आकारही नोंदवता येतो. गोल घुमट वेगळा, कांद्यासारखा घुमट वेगळा.

उंची मोजायला शिडी नको. एक मीटरची काठी सरळ उभी करा; तिची आणि मिनाराची सावली एकाच वेळी मोजा. मिनाराची सावली त्याच्या मध्यापासून धरायची, कडेपासून नाही. बाकी समरूप त्रिकोण, दहावीत केलेलेच. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून उतरवून घेणं मात्र चालत नाही.

गूगलनेही 2009 मध्ये बिल्डिंग मेकर आणलं होतं. लोकांनी हौसेनं आपापल्या शहरांतल्या इमारती रचल्या. पुढे हवाई छायाचित्रांवरून संगणकच मॉडेल तयार करू लागला आणि 2013 मध्ये ते बंद झालं. ओपनस्ट्रीटमॅपचा सगळा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो, म्हणून मी तिथेच काम करा म्हणतो.

घरांबाबत मी जरा सावध आहे. दाट वस्तीत वरून मजला चढवलेली घरं पुष्कळ असतात. मजल्यांचा आकडा अग्निशमन दलाच्या कामाचा, तसाच नोटीस काढणाऱ्याच्याही. तेव्हा सुरुवात मशीद, दर्गा, शाळा, जुनी वेस यांपासून करा. घरांचं मोहल्ल्यातल्या मोठ्यांशी बोलून ठरवा. ते नको म्हणाले तर राहू द्या. राहणाऱ्यांची नावं तर कधीच लिहायची नाहीत.

येत्या रविवारी एकच वास्तू घ्या. दोघं टेप धरतील, एक जण वहीत लिहील. सकाळी लवकर जा, दुपारी सावली आखूड होते.