गोळी एक, विषाणू दोन



आम्ही बँकेतले कारकून, कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा आमचा अधिकार केवळ वाचनाचा. तरीही बोलतो, कारण एचआयव्हीचे नाव निघाले की आपल्या भिवंडीत आवाज अजूनही खाली जातो.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने यावरील औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. नियमित गोळ्यांनी विषाणू दबतो आणि सीडी-४ या संरक्षक पेशी वाढू लागतात. काहींच्या मात्र हव्या तशा वाढत नाहीत. उपचार उशिरा सुरू होणे हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण म्हणजे शरीरात दडलेला दुसरा विषाणू. पगार दरमहा जमा होतो, पण हप्ताही कापला जातो, मग पासबुकातली शिल्लक वाढणार कशी? हिपॅटायटिस बी, सी किंवा सायटोमेगॅलो हे विषाणू प्रतिकारशक्तीला सतत झुंजत ठेवतात. त्याने पेशींची वाढ किती अडते यावर संशोधकांचे एकमत नाही. हिपॅटायटिसचा यकृताला असलेला धोका मात्र निर्विवाद आहे.

हिपॅटायटिस बी विषयी थोडे अधिक सांगतो. एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीतील टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधे बी विषाणूलाही आवरतात. आपला यंत्रमाग कामगार मंदीत गावी जातो, अंगात ताकद वाटते म्हणून गोळी सोडतो. मग दोन्ही विषाणू एकदम उसळतात, यकृत सुजते, कावीळ होते. प्रसंगी जीवही जातो. घरचे म्हणतात, पाणी बाधले! निघण्यापूर्वी केंद्रावर सांगितले तर जादा गोळ्यांची किंवा गावाजवळच्या केंद्राची सोय होऊ शकते.

उलटही घडते. उपचार सुरू होताच जागी झालेली प्रतिकारशक्ती यकृतातील विषाणूवर तुटून पडते आणि सूज येते. अशा वेळी ‘औषध मानवत नाही’ म्हणून ते फेकून न देता डॉक्टरांकडे जावे.

हिपॅटायटिस सी तर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत आहेत. तेव्हा एचआयव्हीचा उपचार घेणाऱ्याने बी आणि सी या दोन्ही तपासण्या झाल्या का, हे केंद्रावर जरूर विचारावे. बी नसेल तर लस घेता येते. नवजात बाळाला तर ती २४ तासांच्या आत टोचायची असते.