कधी यायचं?
(आपल्या १९९८ च्या दहावीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सूत्रसंचालन करणारा मित्र शाळेत असताना मॉनिटर होता, त्यामुळे मी वेळेत थांबेन.

या मेळाव्याची तारीख ठरवताना आपल्या ग्रुपवर किती चर्चा झाली ते आठवतंय ना? मे नको, घामाने जीव जातो. जून ते सप्टेंबर तर प्रश्नच नाही. नोव्हेंबरात दिवाळीची गडबड. शेवटी सगळ्यांनी एकमुखाने डिसेंबर ठरवला, कारण ‘तेव्हा हवा छान असते’. मीही डिसेंबरलाच मत दिलं. पण नंतर मनात आलं, की आपल्याच गावी यायला आपण पाहुण्यासारखा हंगाम पाहतोय. आज त्यावरच बोलायचं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या टीममधले निम्मे लोक युरोपातले. अलिबागची म्हटल्यावर दर वर्षी कोणीतरी विचारतंच, ‘तुमच्या उष्ण कटिबंधातल्या देशात कधी यावं?’ त्यांच्या डोक्यात थंडी आणि ऊन असतं. आपल्याकडे प्रश्न तापमानाचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर पृथ्वी काढून दाखवलं होतं, की सूर्य आपल्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. मेमधली शून्य सावली आपण अंगणात काठी रोवून पाहिली. जुलैमधली कोणी पाहिली आहे का? तेव्हा आभाळ असं भरलेलं असतं, की सावली पडायलाच जागा नसते. सूर्य तोच, पण मधे मोसमी वारे येतात. मुंबईला पाऊस सरासरीने ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. आपल्याकडे वर्षाला पडणारा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जवळजवळ सगळा या चार महिन्यांतला.

तेव्हा ज्यांना फक्त फिरायला यायचं आहे, त्यांना मी जे सांगते ते आधी सांगून टाकते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोपा काळ. समुद्र शांत, गेटवे–मांडवा बोटी सुरू, जंजिऱ्याला होड्या सुरू. मार्गशीर्ष पौर्णिमेला चौलची दत्ताची जत्रा. शेतात वाल तयार झाला, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दारोदारी पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकतात. त्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फक्त ३१ डिसेंबरच्या आसपासचे दिवस सोडून यावं, नाहीतर नवीन वर्ष वडखळच्या नाक्यावर गाडीतच लागतं.

मार्च ते मे उकाडा, पण आंबा, फणस, रातांबे, ताडगोळे याच दिवसांत. पारा मुंबईसारखाच तीस-पस्तीसच्या आत, पण दमटपणामुळे दुपारी बाहेर पडवत नाही. ऑक्टोबर हीट तर सगळ्यांनी भोगलेली आहे.

महिन्याबरोबर तिथीही पाहावी, हे मात्र बाहेरच्यांना माहीत नसतं. बाईंनी शिकवलेलं गणित आठवा. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. घड्याळात थोडं इकडेतिकडे. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमाराला, म्हणून ओहोटी नऊच्या सुमाराला. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल, तर पौर्णिमा-अमावस्येनंतरची तृतीया-चतुर्थी उत्तम. पाणीही बरंच मागे हटतं आणि सकाळचं ऊनही कोवळं असतं. अष्टमीला मात्र पाणी फारसं ओसरत नाही. बाई, पुढे कॉलेजात प्रोग्रामिंग शिकले, पण पाहिलेला पहिला अल्गोरिदम तुमचाच. अख्ख्या किनाऱ्याचं वेळापत्रक दोन पायऱ्यांत!

माझ्याकडे या सगळ्याची एक शीट आहे. त्यात प्रत्येक महिन्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. जून ते सप्टेंबर लाल. कारण उघड आहे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटी बंद, जंजिरा बंद, समुद्रात उतरणं जिवावरचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी, म्हणजे ताजी मासळी नाही. लोकांना ती शीट आवडायची. मला तिचा अभिमान होता.

२०२० च्या ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं. मी पुण्यात होते, आई नागावच्या घरी एकटी. सकाळी साडेअकराला तिच्याशी शेवटचं बोलणं झालं. त्यानंतर फोन लागेना. टॉवर पडले होते, वीज गेली होती. तिसऱ्या दिवशी गावातल्या एकाने डोंगरावर चढून रेंज पकडली आणि ‘काकू बऱ्या आहेत’ एवढाच मेसेज पाठवला. लॉकडाऊन होता, जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. तो मिळून घरी पोहोचायला मला नववा दिवस उजाडला.

वाडी तुम्ही सगळ्यांनीच आपापल्या घरची पाहिली असेल, त्यामुळे वर्णन करत नाही. आमच्या चाळीस पोफळींपैकी सहा उभ्या होत्या.

मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. मी पोहोचले तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. घरात शिरले आणि लक्षात आलं, की मला काहीच माहीत नाही. कुठल्या कौलाखाली पातेलं ठेवायचं ते शेजारच्या मुलाला ठाऊक होतं, मला नाही. सुकं सरपण कुठे ठेवतात, आगोटीची सुकट कुठल्या डब्यात, वीज नसताना विहिरीचं पाणी कसं काढायचं, सगळं आईला विचारावं लागलं. बारावीनंतर घर सोडलं ते २००० साली. त्यानंतर मी दिवाळीला आले, डिसेंबरात आले, मे महिन्यात आले. गणपतीलाही आले, पण दीड दिवसाची, तेही पाऊस उतरणीला लागल्यावर. जून-जुलैमधलं माझं घर मी वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आई रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘तू आमची डिसेंबरची पाहुणी. तुला हे कुठून माहीत असणार?’

त्या वर्षी मी सहा आठवडे राहिले. घरून काम करायची मुभा होती, वीज आल्यावर जमलंही. आषाढात आम्ही पोफळीची आणि माडाची रोपं लावली. रोप लावायचं ते पावसातच, हेसुद्धा मला तेव्हा नव्याने कळलं. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे अजून तीनएक वर्षं थांबायचं आहे.

तेव्हापासून दर वर्षी जुलैमध्ये एक आठवडा घरी येते. बोट नसते, म्हणून खोपोली-पेणवरून एसटीने. मुंबईकरांना आता भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो आहे, हवामान बरं असेल तर ती पावसाळ्यातही चालते. आल्यावर बघायला काय आहे? लावणी चाललेली असते. बाजारात टाकळा, कंटोळी मिळतात. त्याआधी जूनमध्ये आलात तर शेवळं आणि वलगणीचे मासे. आपल्याच किहीमला सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणीची घरटी पाहिली. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती, म्हणून त्या गावात राहायला आले होते. सुगरण नर अर्धं घरटं बांधतो, मादीने ते पसंत केलं तरच पुरं करतो आणि मग दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपून ठेवलं. त्या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. सुगरण पावसातच घरटी विणते. ते डिसेंबरात आले असते, तर झाडाला लोंबणारी रिकामी घरटीच पाहून परतले असते.

पण जुलैमध्ये मी सगळ्यात जास्त पाहिली ती आपली माणसं. डिसेंबरात आपण येतो तेव्हा घरचे स्वयंपाकघरात आणि आपण समुद्रावर. पावसात कोणालाच कुठे जायचं नसतं. गेल्या वर्षी जुलैत मी भूगोलाच्या बाईंकडे गेले. बाई, सांगू ना? बाई ओटीवर एकट्याच बसल्या होत्या. चार तास गप्पा झाल्या. निघताना म्हणाल्या, ‘जूनपासून दूधवाला सोडला तर तूच पहिली.’ शाळेत पंचेचाळीस वर्गांना भूगोल शिकवलेल्या बाई. डिसेंबरात त्यांच्याकडे चपला ठेवायला जागा नसते.

माझी शीट चुकीची नव्हती. फिरायला येणाऱ्याला ती आजही उपयोगी आहे, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरू नका हे मी आजही ओरडून सांगेन. चूक एवढीच, की तीच शीट मी स्वतःलाही लावली. कधी यायचं हे पाहुण्याने हवा बघून ठरवावं. आपण मात्र इथल्या माणसांना कधी कोणी हवं असतं, ते बघून ठरवायला हवं. लाल रंगाचे चार महिने आपल्या आईवडिलांनी, आपल्या शिक्षकांनी काढलेलेच असतात. त्यांना हंगाम बदलून घेता येत नाही.

म्हणून एक विनंती. मेळावा डिसेंबरातच होऊ दे, मजा येते. पण पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ शनिवार आहेत. आपले पाच शिक्षक अजून इथेच राहतात आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडीलही. एका शनिवारी आपल्यातला एक जण, एवढंच. फार काही न्यायचं नाही. गेल्यावर छपराकडे नजर टाका, औषधं पुरेशी आहेत का विचारा, इन्व्हर्टर चालतो का बघा आणि बसा. आभाळ फारच फाटलं असेल, रेड अलर्ट असेल, तर फोन करून पुढच्या शनिवारी या, उगाच धाडस नको.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. त्यात शनिवारांच्या तारखा लिहिल्या आहेत. ६ जुलैपुढे माझं नाव आहे. बाकी आठ मोकळे आहेत, जेवायला जाण्याआधी भरून टाका.

माझी दहा मिनिटं झाली. मॉनिटर घड्याळाकडे बघतोय.