व्रण भरतो, रोग राहतो



गरमी अर्थात उपदंश हा रोग लज्जेच्या आडोशाने वाढतो. संसर्गानंतर साधारणतः ३ आठवड्यांनी जननेंद्रियावर न दुखणारा व्रण उमटतो व ३ ते ६ आठवड्यांत औषधाविना भरूनही येतो. रोग गेला असे रुग्णास वाटते. श्रेय भोंदू वैद्यास मिळते. वस्तुतः जंतू रक्तात शिरलेले असतात. पुढे तळहातांवर व तळपायांवर पुरळ येते, तेही मावळते. अनेक वर्षांनी हृदय किंवा मेंदू ग्रासला जाऊ शकतो. गर्भवतीस रोग असल्यास मूल मृत जन्मण्याचे भय असते.

हे सारे टाळता येते. या रोगावर पेनिसिलिनचा गुण १९४३ साली सिद्ध झाला. १९५५ पासून ते पिंपरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. रक्ततपासणीने निदान होते. आरंभीच्या अवस्थेत डॉक्टरांनी दिलेले २४ लाख युनिटांचे एकच इंजेक्शन बहुधा पुरते. मात्र उपचार पतिपत्नी दोघांनीही घ्यावयास हवेत, अन्यथा रोग पुन्हा जडतो.

नागपुरात मेडिकल व मेयो या शासकीय रुग्णालयांत गुप्तरोगांवर उपचार होतात. पंचायत सदस्य व शिक्षकांनी एवढेच करावे: रुग्णास दोष न देता रुग्णालयाची वाट दाखवावी आणि प्रत्येक गर्भवतीची रक्ततपासणी प्रारंभीच होईल हे पाहावे.