काचेच्या पेटीतला समुद्र



आपल्या वाचनालयात समुद्राच्या पाण्याचे मत्स्यालय मांडावे, असे आपण मंडळींनी ठरविले आहे. बेत चांगला आहे. किनाऱ्यावर राहूनही आपली मुले मासा पाहतात तो पाटीत. तो पोहतो कसा, लपतो कसा, हे त्यांना दिसत नाही. वर्गणी मात्र थोडी जमली आहे. तेव्हा थोड्या पैशांत हे काम कसे साधावे, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

एक गोष्ट आधीच सांगतो. पैसा थोडा असला तरी चालेल. धीर थोडा असून चालणार नाही. मत्स्यालये बुडतात ती बहुधा घाईने.

प्रथम टाकी. लहान टाकी स्वस्त पडते, म्हणून तीच घ्यावीशी वाटते. तसे करू नका. तांब्याभर पाणी चिमूटभर घाणीने नासते. हंडाभर पाणी तेवढ्याने नासत नाही. आपल्याला शंभर लिटरची टाकी हवी. हिशेब करून पाहू. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३५ आणि पाण्याची उंची ३५. गुणाकार आला १,१०,२५०. हजार घन सेंटिमीटरांचा एक लिटर. म्हणजे ११० लिटर झाले. दगड जागा अडवतील, म्हणून १०० धरा. एवढ्या पाण्याचेच वजन शंभर किलोच्या वर जाते. डगमगते टेबल उपयोगाचे नाही. भिंतीलगतचा आपला दगडी कट्टा आहे, तोच उत्तम. तिथे थेट ऊनही येत नाही.

आता पाणी. ते आपल्याला फुकट आहे, पण कुठलेही नको. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी समुद्रात उतरते आणि किनाऱ्याचा खारटपणा कमी होतो. म्हणून पाणी आणावे ते पावसाळा सरल्यावर, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून लांब. जाड फडक्यातून गाळून प्लॅस्टिकच्या पिंपात झाकून ठेवावे. दोन आठवड्यांत गाळ तळाशी बसतो. तांब्यापितळेचे भांडे या पाण्याला लावू नका. तांबे खेकड्यांना आणि गोगलगायींना विष आहे.

देशावरून आलेले पाहुणे विचारतील, आम्ही घरच्या मिठाचे पाणी केले तर? चालणार नाही. खाण्याचे मीठ म्हणजे समुद्रातल्या अनेक क्षारांपैकी एक. मत्स्यालयासाठी निराळे मिश्र मीठ विकत मिळते, तेच घ्यावे. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो.

तळाला घालायला काय आणायचे? कालवे आणि तिसऱ्या खाऊन आपण शिंपा उकिरड्यावर टाकतो. त्याच उकळून, घासून, उन्हात वाळवून फोडा. त्यांतला चुना पाणी आंबट होऊ देत नाही. वर चार काळे दगड रचा, म्हणजे माशांना लपायला जागा झाली. कोकणात पाणी तापवायचे यंत्र लागत नाही. उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या फार वर जाऊ लागले, तर वरून पंखा लावा. माठातले पाणी गार होते, त्याच न्यायाने टाकीतलेही होईल.

मग पैसे खर्चायचे कुठे? टाकी, हवेचा पंप व स्पंजची गाळणी, खारटपणा मोजायची नळी, पाणी तपासायची औषधे, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा पंप. यांत काटकसर नको. आणि पाण्यात हात घालण्याआधी विजेची पिन काढायची, हा नियम सर्वांना.

आता धीराची गोष्ट. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. तो माशाला विष आहे. डोळ्यांना न दिसणारे काही जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य. हे जंतू नव्या टाकीत पुरेसे नसतात. दुधाला विरजण लावून वाट पाहावी लागते, तसेच हे आहे. सोललेल्या कोळंबीचा लहानसा तुकडा टाकीत टाका, पंप चालू ठेवा आणि थांबा. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो. मागोमाग नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर आली, की मगच मासा आणायचा. दुसऱ्याच दिवशी मासा सोडला तर तो तडफडून मरेल आणि आपली वर्गणीही जाईल.

मासे किती? सुरुवातीला दोनच, लहान. कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने विदूषक माशांची टाकीत पैदास करण्याची रीत बसविली आहे. असे टाकीत जन्मलेले मासे बघून घ्या. ते टाकीतल्या जगण्याला सरावलेले असतात आणि त्यांच्यासाठी समुद्र ओरबाडावा लागत नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र कोणी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत ते २००१ साली घातले गेले आहेत. ते धरणे हा गुन्हा आहे.

रोजचे काम थोडे आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या. टाकीतले पाणी आटले, तर भर घालायची ती गोड्या पाण्याची. मिठागरात काय होते? पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. टाकीतही तेच होते. खारे पाणी घालत गेलात, तर महिन्याभरात मिठागरच होईल! नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घाला. आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी काढून तेवढेच समुद्राचे नवे घालायचे.

शेवटची गोष्ट वहीची. तारीख, उष्णता, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट असे पाच रकाने आखा. रोज एकाची पाळी लावा. आपल्यापैकी कित्येक जण याच वर्षी आकडे लिहावयास शिकले आहेत. हे आकडे लिहिणे नुसता सराव नव्हे. अमोनियाच्या रकान्यात शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला, की ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशी खाणे बंद करून पाणी बदलावे. माशाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने ती वही बोलेल, आणि ती वाचणारे आता आपणच आहात.