मानधन नव्हे, पगार



संस्थेतली नोकरी कशी असते यावर दोन शब्द बोला, अशी कार्यकर्त्यांची आज्ञा झाली. आम्ही मूळची गिरणीतली माणसं. बदली म्हणून गेटावर उभं राहायचं, काम मिळालं तर दिवस भरला, नाही तर घरी परत. गिरणी बंद पडली आणि आम्ही तिघं-चौघं एका धर्मादाय दवाखान्यात शिपाई, वॉर्डबॉय म्हणून लागलो. तिथे पहिल्याच आठवड्यात नेमणुकीचा कागद हातात पडला! डॉक्टर मंडळी अहो-जाहो करीत. आमच्यातल्या एकाला टीबी झाला, तर त्याची जागा राखून ठेवली, परत आल्यावर हलकं काम दिलं. पगार थोडाच, पण तारीख कधी चुकली नाही. काम मात्र भरपूर. पेशंट दारात असला की घड्याळ कोण बघतो? पण जादा तास वहीत लिहिले जात आणि त्याची रजा मिळे.

सगळ्याच संस्था अशा नाहीत. आपल्या वस्तीतल्या मुली बालवाडीत, आरोग्याच्या प्रकल्पात जातात. महिन्याकाठी जे हातावर ठेवतात त्याला मानधन म्हणतात. एकदा मानधन म्हटलं, की फंड नाही, बाळंतपणाची रजा नाही. विचारलं तर "ही समाजसेवा आहे" असं ऐकवतात. अहो, पण पोरीच्या घरी चूल पेटायला नको? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाच्या बिलाला पाठिंबा दिला, तेव्हा मालकानेही भार उचलावा असंच सांगितलं होतं.

१९७८ साली सुप्रीम कोर्टाने बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात धर्मादाय संस्थाही उद्योगात मोडू शकते, असा निकाल दिला. त्या आधारावर संस्थांतले कामगार लेबर कोर्टात जाऊ शकले. आता २०२० चा औद्योगिक संबंधांचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात धर्मादाय आणि समाजसेवी संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून कागदाचं महत्त्व आणखी वाढलं. आमच्या दवाखान्यात जुने विश्वस्त गेले, नवे आले, तरी आमची रजा कोणी कापली नाही. कारण ती ठरावात लिहिलेली होती.

शनिवारी संध्याकाळी आम्ही विहारात बसतो. ज्यांच्या मुली-सुना संस्थेत लागल्या आहेत त्यांनी नेमणुकीचा कागद घेऊन यावं. नसला तरी या, अर्ज आम्ही लिहून देऊ. जयभीम!