भरल्या दिवसांतली तयारी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आम्ही रावेतच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती कुटुंबातल्या आहेत, काही नाहीत. पण अडचण घरात शिरताना धर्म विचारत नाही. म्हणून आजचं बोलणं सगळ्यांसाठीच आहे. विषय आहे, अचानक संकट आलं तर आपलं घर किती दिवस स्वतःच्या पायावर उभं राहील?

रावेतचंच बघा. पवना नदी आपल्या उशाला आहे. रावेतच्या बंधाऱ्यातून पाणी उचलून ते अख्ख्या पिंपरी-चिंचवडला जातं. तरी नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. तीच पवना जुलै २०२४ मध्ये फुगली तेव्हा नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चाकणपासून भोसरीपर्यंतचे भोंगे बंद झाले. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी तीन महिने पगार आला नाही. कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवायची आणि कंत्राटदार फोन उचलायचा नाही. त्या घरात तेव्हा पंधरा दिवसांचे तांदूळ होते आणि गटाचं पासबुक होतं. त्यावरच ते घर तगलं.

तयारी म्हटलं की आम्हाला आपल्याच जिल्ह्यातली एक बाई आठवते. पंडिता रमाबाई. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. भूक काय असते हे त्यांनी स्वतःच्या पोटाने जाणलं होतं. पुढे त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं. त्याला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. आता लक्ष द्या. मदत चालू होती, तेव्हाच रमाबाईंनी विचार केला की दहा वर्षं संपल्यावर काय? आणि दौंडच्या वाटेवर केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खणल्या. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी हा हिशोब.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. पण केडगावची जमीन होती, विहीर होती. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्या मुली नुसत्या बसून जेवल्या नाहीत. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलाची घाणी, छापखाना, सगळं त्या शिकल्या आणि चालवलं. रमाबाईंची देवावर केवढी श्रद्धा होती, सगळ्यांना ठाऊक आहे. प्रार्थनेशिवाय त्या पाऊल टाकत नसत. पण विहीर मात्र तहान लागायच्या आधीच खणली होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या बैठकीत हा वाद होतो. कुणी म्हणतं, "देव बघून घेईल की, साठवायचं कशाला? ते अविश्वासाचं लक्षण नाही का?" आम्ही त्यांना योसेफाची गोष्ट आठवून देतो. मिसरात सात वर्षं सुकाळ आणि मग सात वर्षं दुष्काळ. योसेफाने सुकाळाच्या पिकातला पाचवा हिस्सा कोठारात ठेवला आणि त्यावर देश जगला. पाचात एक. ज्या महिन्यात ओव्हरटाइम मिळतो, बोनस येतो, त्या महिन्यात हे प्रमाण धरून बघा. रोजच्या पगारात नाही जमलं तरी चालेल.

आता घरात नेमकं काय करायचं, ते सांगतो.

पहिलं पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. घरात पाच माणसं असतील तर तीन दिवसांचं ६० लिटर होतं. म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. झाकण घट्ट हवं. पाणी वापरत राहायचं आणि नळ आला की पुन्हा भरायचं. पुराच्या दिवसांत पाणी उकळूनच प्यायचं. जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजायचं. चमचा चहाचा. आणि दवाखान्यात न्यायला उशीर करायचा नाही.

दुसरं धान्य. एकदम पोतं आणायला पैसे कुठले? दर महिन्याच्या किराण्यात एक किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ जास्त आणा. पोहे, शेंगदाणे, गूळ, भाजलेल्या डाळीचं पीठ, म्हणजे गॅस संपला तरी पोटाला आधार. नवा माल मागे, जुना पुढे. नाहीतर साठा किड्यांच्याच कामी येतो.

तिसरं कागद. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरभाड्याचा करार, मुलांचे दाखले ठेवा. ख्रिस्ती कुटुंबांनी बाप्तिस्म्याचा आणि चर्चमधल्या लग्नाचा दाखलाही त्यात घालावा. मालकांचा ईएसआयचा नंबर आणि पीएफचा नंबर आपल्या वहीत लिहून ठेवा. पीएफला वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे आजच विचारा. पुष्कळदा लग्नाआधी लावलेलं नाव तसंच राहिलेलं असतं. कारखान्यात हात मशिनमध्ये गेला, तर तो नंबर शोधत कपाट उपसायची ती वेळ नसते.

चौथं विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपये भरून कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. हे पैसे मे महिन्यात खात्यातून आपोआप कापले जातात. खातं तेव्हा रिकामं असेल तर विमा तुटतो. म्हणून मे महिन्यात खात्यात ५०० रुपये राहू द्या.

पाचवं फोन. ११२ तातडीच्या मदतीला, १०८ रुग्णवाहिकेला, १९०६ गॅस गळतीला. मोबाइल बंद पडतो, म्हणून हे नंबर भिंतीवर लिहा. पोरांना पाठ करून घ्या.

आता गटाचं. आमच्या गटात आम्ही १२ जणी. नेहमीच्या बचतीशिवाय प्रत्येकी महिन्याला ५० रुपये वेगळे काढतो. वर्षाला ७,२०० होतात. हे पैसे फक्त आजारपण, पूर, पगार बंद यासाठी. व्याज नाही, तीन महिन्यांत परत. थोडी रक्कम पेटीत रोख असते. पेटी एकीकडे आणि दोन किल्ल्या दोघींकडे. रात्री अकराला गरज लागली तरी तिघी एकत्र आल्या की पेटी उघडते.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. आपल्याकडे साठा आहे आणि शेजारणीकडे नाही, तर? शुभवर्तमानात दहा कुमारींचा दाखला आहे. पाच जणींनी दिव्यासाठी जास्तीचं तेल आणलं होतं, पाच जणींनी नव्हतं. शहाण्यांनी तेल वाटलं नाही, सगळ्यांनाच अपुरं पडलं असतं. आमच्यात एक म्हातारी मावशी आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, मग वरात यायच्या आधी शेजारणीला तेल आणायला कोण सांगणार?" आम्हाला ते पटलं. ऐन वेळी एका घराचा डबा गल्लीला पुरत नाही. पण गल्लीत दहा डबे असले तर एखादं रिकामं घर सहज सांभाळता येतं. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका शंभरहून जास्त वर्षं हेच करत आल्यात. भात रांधताना प्रत्येक वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि मंडळीच्या कामाला द्यायचे. मूठभर तांदळाने कुणाचं पान रिकामं राहत नाही. आम्हीही आता मूठ काढतो. ते तांदूळ आजाऱ्याच्या आणि पगार थांबलेल्याच्या घरी जातात. तिथे ती बाई कोणत्या धर्माची, हे बघत नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात तीनच कामं करा. कागदांची पिशवी भरा. वारसाचं नाव विचारा. आणि ज्या शेजारणीकडे काहीच साठा नाही, तिला तुमच्या पुढच्या बैठकीला हाताला धरून आणा. पुढच्या वेळी कुणाच्या घरी काय जमलं, काय नाही, ते तुमच्याकडूनच ऐकू.